पुण्याची लस, नानोरोची काचपट्टी

जुलै २०२४ मध्ये आयव्हरी कोस्ट या पश्चिम आफ्रिकेतल्या देशात लहान मुलांना मलेरियाची आर-२१ लस द्यायला सुरुवात झाली. लसीमागचं संशोधन ऑक्सफर्ड विद्यापीठाचं, पण लस बनते आपल्या पुण्यात, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये. त्यामुळे आपल्याकडच्या पेपरांतही तिचं कौतुक झालं आणि प्रत्येक बातमीत एक आकडा होता: ७५ टक्के परिणामकारक.

माझं आयुष्य लॅबमध्ये गेलं आहे. असा आकडा दिसला की माझ्यासारख्याला पहिला प्रश्न पडतो, हे मोजलं कुणी आणि कशावर? उत्तर शोधत गेलं की आपण पोचतो बुर्किना फासोमधल्या नानोरो नावाच्या गावात, एका मायक्रोस्कोपपाशी.

७५ टक्के येतात कुठून

माणसांवर औषध किंवा लस तपासून पाहण्याला क्लिनिकल ट्रायल म्हणतात. मराठीत त्यालाही ‘चाचणी’ म्हणतात आणि रक्ताच्या तपासणीलाही ‘चाचणी’च म्हणतात. घोटाळा नको म्हणून इथे लसीची ती ‘ट्रायल’ आणि लॅबमधली ती ‘तपासणी’ असं ठरवून टाकू.

आर-२१ची मोठी ट्रायल बुर्किना फासो, माली, केनिया आणि टांझानिया या चार देशांत झाली. त्यात ५ ते ३६ महिने वयाची ४,८०० हून जास्त मुलं होती. काहींना मलेरियाची लस दिली, काहींना दुसरीच एक लस. मग वाट पाहायची. मूल तापाने आजारी पडलं की बोटातून रक्ताचा थेंब घ्यायचा, काचपट्टीवर पसरायचा, गिम्सा नावाच्या रंगाने रंगवायचा आणि मायक्रोस्कोपखाली मलेरियाचे परजीवी मोजायचे. मोजायचीही एक पद्धत आहे. २०० पांढऱ्या पेशी दिसेपर्यंत किती परजीवी दिसले ते मोजा आणि एका मायक्रोलिटर रक्तात ८,००० पांढऱ्या पेशी असतात असं धरून गुणाकार करा. ट्रायलमध्ये ‘मलेरिया झाला’ असं म्हणायला ताप हवा आणि मायक्रोलिटरमागे ५,००० पेक्षा जास्त परजीवी हवेत.

आता गणित करून पाहा. ५,००० म्हणजे २०० पांढऱ्या पेशींमागे १२५ परजीवी. एका टेक्निशियनला १२० दिसले तर त्या मुलाला, ट्रायलच्या हिशेबाने, मलेरिया झाला नाही. शेजारच्याला त्याच काचपट्टीवर १३० दिसले तर झाला. अशा हजारो काचपट्ट्यांवर ते ७५ टक्के उभे आहेत. म्हणूनच अशा ट्रायलमध्ये एकच काचपट्टी दोघे जण वेगवेगळे वाचतात, एकमेकांचा आकडा न पाहता. ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त फरक पडला तर तिसऱ्याला बोलावतात.

एवढी मोठी मर्यादा का, असं तुम्ही विचाराल. एक परजीवी दिसला तरी मलेरियाच ना? तिथेच गंमत आहे. नानोरोसारख्या भागात धडधाकट खेळणाऱ्या मुलाच्या रक्तातही थोडे परजीवी सापडतात. त्याला ताप न्यूमोनियाने आलेला असू शकतो.

थोडं चुकलं तर काय बिघडतं?

बिघडतं, आणि कसं ते बोटांवर मोजता येतं. खालचे आकडे फक्त समजण्यासाठी धरलेले आहेत.

समजा दोन्ही गटांत हजार-हजार मुलं आहेत. लस न मिळालेल्यांत १०० जणांना मलेरिया झाला, लस मिळालेल्यांत २५ जणांना. म्हणजे लस ७५ टक्के परिणामकारक. आता लॅब आळशी आहे, दर पाचातला एक रुग्ण तिच्या नजरेतून सुटतो असं धरा. मग आकडे होतील ८० आणि २०. टक्केवारी पुन्हा ७५च!

आता उलटी चूक घ्या. दोन्ही गटांत आणखी ३०० जणांना दुसऱ्याच कारणाने ताप आला आणि लॅबने त्यातल्या दहातल्या एकाला चुकून मलेरिया ठरवलं. दोन्हीकडे ३० खोटे रुग्ण वाढले, म्हणजे १३० आणि ५५. टक्केवारी घसरली ५८ वर. लस तीच, मुलं तीच. दोन्ही गटांत सारखीच भर पडली, पण जिथे मुळात आकडा लहान होता तिथे ती जास्त टोचली.

आणि खोटे परजीवी दिसणं हे फार सोपं आहे, हे मायक्रोस्कोपला डोळा लावलेल्या कुणालाही विचारा. गिम्सा नीट गाळला नाही की त्याचे बारीक जांभळे कण काचपट्टीवर बसतात. ज्या पाण्यात रंग मिसळायचा त्याचा पीएच ७.२ च्या आसपास हवा. तो चुकला की रंग नीट चढत नाही आणि पेशी ओळखू येत नाहीत. शंभर काचपट्ट्या पाहून थकलेल्या डोळ्याला एखादी प्लेटलेटसुद्धा परजीवी वाटते. चांगली लस वाईट ठरायला कुणी लबाडी करायची गरज नाही, न गाळलेला रंग पुरतो.

“पण आता सगळं मशीनच करतं ना?”

काचपट्टीचं ठीक, पण साखर, पोटॅशियम, क्रिएटिनिन हे तर मशीन काढतं, तिथे माणूस कुठे आला? हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारला गेला आहे.

माझीच एक चूक सांगतो. नवखा होतो, तालुक्याच्या गावी एका लहान लॅबमध्ये. संध्याकाळी एका गृहस्थांचं रक्त घेतलं आणि वीज गेली. इन्व्हर्टरवर सेंट्रिफ्यूज चालत नव्हता. सेंट्रिफ्यूज म्हणजे ट्यूब गरागरा फिरवून पेशी खाली आणि वर पिवळं पाणी, म्हणजे सीरम, वेगळं करणारं यंत्र. मी विचार केला, रक्त खराब होऊ नये म्हणून ट्यूब तशीच फ्रीजमध्ये ठेवू, सकाळी लावू. सकाळी सीरम अगदी स्वच्छ दिसत होतं. पोटॅशियम आलं ७.१. नॉर्मल असतं साधारण ३.५ ते ५. सातच्या वर म्हणजे हृदय कधीही दगा देईल अशी अवस्था. मी धावत डॉक्टरांना फोन केला. डॉक्टरांनी त्यांच्या घरी फोन केला, तर गृहस्थ चहा पीत पेपर वाचत बसले होते.

“तू ट्यूब कुठे ठेवली होतीस रे?” डॉक्टरांनी विचारलं.

“फ्रीजमध्ये, सर.”

पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही.

झालं होतं असं. आपल्या पेशींच्या भिंतीत बारीक पंप असतात, ते पोटॅशियम आत ओढून ठेवतात. थंडीत ते पंप मंदावतात आणि पोटॅशियम हळूहळू बाहेर झिरपतं. दूध फ्रीजमध्ये टिकतं म्हणून रक्तही टिकेल, हा माझा घरगुती हिशेब. मशीनने चोख काम केलं होतं. त्याला जे दिलं ते त्याने बरोब्बर मोजलं.

असाच आणखी एक प्रकार. जांभळ्या बुचाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए नावाचं रसायन असतं, तेही बहुधा पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात. दुसऱ्या ट्यूबमध्ये रक्त कमी पडलं म्हणून कुणी जांभळीतलं थोडं ओतलं की पोटॅशियम आकाशाला भिडतं आणि कॅल्शियम तळाला जातं. ही जोडी रिपोर्टवर दिसली की जुना टेक्निशियन मशीनकडे बघत नाही, रक्त कुणी घेतलं ते विचारतो. साखरेचं उलटं. साध्या ट्यूबमध्ये पेशी जिवंत असतात, त्या साखर खात राहतात. खोलीच्या तापमानाला तासाला साधारण ५ ते ७ टक्के साखर कमी होते. विदर्भातल्या मे महिन्यात किती होत असेल त्याचा अंदाज तुम्हीच करा.

इटलीतल्या पाडुआ शहरातल्या, १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चाळीस हजारांवर तपासण्यांमागच्या चुका शोधल्या होत्या. १८९ सापडल्या. त्यातल्या ६८ टक्के चुका सॅम्पल मशीनपर्यंत पोचण्याआधीच झाल्या होत्या, मशीनपाशी जेमतेम १३ टक्के. बाकीच्या रिपोर्ट लिहिता-पोचवताना. आणि हे इटलीतलं मोठं हॉस्पिटल. जिथे वीज जाते, पाणी टँकरचं येतं आणि सॅम्पल मोटारसायकलच्या डिकीतून येतं, तिथे काय होत असेल?

आता माझी ती फ्रीजमधली ट्यूब ट्रायलमधली आहे असं समजा. ७.१ पोटॅशियम हा तिथे जिवावरचा दुष्परिणाम म्हणून नोंदला जातो. अशा दोन-तीन नोंदी झाल्या तर नव्या औषधाचं काम थांबवून चौकशी लागते. औषध निर्दोष, दोष फ्रीजचा. म्हणजे माझा.

रोज सकाळची बाटली

मग विश्वास कशावर ठेवायचा? धान्याच्या दुकानात काटा बरोबर आहे का हे पाहायचं तर शिक्का मारलेलं एक किलोचं वजन ठेवून बघतात. लॅबमध्ये त्या वजनाला कंट्रोल म्हणतात. सीरमसारखं द्रव्य, ज्यातली साखर किती ते आधीच माहीत आहे. रोज सकाळी रुग्णांच्या आधी ते लावायचं.

समजा कंट्रोलची साखर १०० यायला हवी आणि नेहमीचा चढउतार ३ चा आहे. मग ९४ ते १०६ च्या मधे, म्हणजे त्या चढउताराच्या दुपटीत, आलं तर चालू द्या. १०९ च्या वर किंवा ९१ च्या खाली, म्हणजे तिपटीबाहेर, गेलं की मशीन थांबवा, रुग्णाचं एकही सॅम्पल लावू नका. मधल्या पट्ट्यात खरी अक्कल लागते. काल १०७, आज पुन्हा १०७. एकेकटा आकडा तितका वाईट नाही, पण दोन दिवस एकाच बाजूला गेला म्हणजे काटा सरकतोय. थांबवा. हे आकडे आलेखावर मांडायची रीत लिव्ही आणि जेनिंग्ज यांनी १९५० मध्ये आणली. कधी थांबायचं याचे नियम वेस्टगार्ड यांनी १९८१ मध्ये नीट बांधून दिले. कागद, पट्टी आणि पेन्सिल एवढ्यावर हे चालतं, कॉम्प्युटर लागत नाही.

चूक दोन प्रकारची असते, तेही इथेच सांगतो. भिंतीवरचं घड्याळ रोज पाच मिनिटं पुढे असेल तर तुम्ही वजाबाकी करून गाडी पकडू शकता. ते कधी पुढे, कधी मागे असेल तर काढून टाकण्याशिवाय इलाज नाही. मशीनचंही तसंच.

व्यवहारात मात्र एक जुनी खोड आहे. कंट्रोल बाहेर गेला की कारण शोधायचं सोडून तो पुन्हा लावायचा, मग पुन्हा, ‘येईपर्यंत’. तिसऱ्यांदा आला की तोच आकडा रजिस्टरमध्ये लिहायचा. आलेख सुंदर दिसतो. मी असे आलेख पाहिले आहेत, महिनाभर एकही ठिपका रेषेबाहेर नाही. इतकं गुळगुळीत काही दिसलं की मला आधी शंका येते.

साहेब तपासणीला येतात तेव्हा

स्वतःचा पेपर स्वतः तपासण्याला मर्यादा असते, म्हणून बाहेरची परीक्षा लागते. एक मोठी संस्था शेकडो लॅबना एकच सॅम्पल पाठवते, उत्तर न सांगता. सगळ्यांनी आपापला आकडा कळवायचा. मग कोण कळपाबरोबर आहे आणि कोण भरकटलंय हे कळतं. आपल्याकडे वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज बायोकेमिस्ट्रीसाठी अशी योजना अनेक वर्षं चालवतं.

या कल्पनेच्या मुळाशी अमेरिकेतली एक लाजिरवाणी गोष्ट आहे. १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत बेल्क आणि संडरमन यांनी पेनसिल्व्हेनियातल्या हॉस्पिटलांच्या लॅबना एकसारखी सॅम्पलं पाठवली. उत्तरं इतकी वेगवेगळी आली की धक्का बसावा. लॅबची बेफिकिरी गरीब देशांचीच, असं कुणी म्हणालं की मला ही गोष्ट आठवते. श्रीमंत देश तिथून वर आले ते मशीनं घेऊन जेवढे, तेवढेच या परीक्षेची सवय लावून.

पण शाळेत साहेब यायचे तेव्हा काय व्हायचं ते तुम्हाला आठवत असेल. हुशार मुलं पहिल्या बाकावर, फळ्यावर सुविचार, भिंतींना चुना. परीक्षेचं सॅम्पल आलं की काही लॅबमध्ये सर्वांत जुना माणूस ते स्वतः लावतो, तेही तीनदा, आणि सरासरी कळवतो. त्यातून साहेब खूश होतात, रुग्णाला काहीच मिळत नाही. ते सॅम्पल नेहमीच्या रांगेत, नेहमीच्या माणसाने, एकदाच लावलं तरच खरं काय ते कळतं.

‘नॉर्मल’ म्हणजे कुणाचं नॉर्मल?

रिपोर्टच्या उजव्या रकान्यात ‘नॉर्मल रेंज’ छापलेली असते. ती बहुतेक वेळा किटबरोबर आलेल्या कागदावरून उतरवलेली असते, आणि तो कागद दुसऱ्याच खंडातल्या लोकांची रक्तं तपासून केलेला असतो.

आफ्रिकेत याचा मोठा फटका बसत होता. तिथल्या बऱ्याच लोकांत न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी अमेरिकन मापापेक्षा कमी असतात. हा आजार नाही. मलेरियाच्या एका प्रकारापासून संरक्षण देणारा एक जनुकीय बदल त्यांच्यात आहे, त्याच्याबरोबर हे आलेलं आहे. पण अमेरिकन तक्ता लावला की धडधाकट माणूस ‘अपात्र’ ठरून ट्रायलबाहेर जातो, किंवा लस घेतल्यावर त्याच्या नेहमीच्याच पेशींचं खापर लसीवर फुटतं. केनिया, युगांडा, रवांडा आणि झांबियातल्या दोन हजारांवर निरोगी प्रौढांची रक्तं तपासून २००९ मध्ये तिथली मापं प्रसिद्ध झाली तेव्हा हा फरक आकड्यांत दिसला. मशीन उत्तम, टेक्निशियन उत्तम, कंट्रोल रेषेत आणि तरी निष्कर्ष चूक, असंही होतं.

“मग सॅम्पल सरळ मोठ्या शहरात पाठवा की!”

काही पाठवतातच. प्रतिपिंडांसारख्या तपासणीचं सीरम गोठवून दुसऱ्या खंडात नेता येतं, घाई नसते. पण साखर वाटेत कमी होते, पोटॅशियम वाटेत वाढतं, आणि तापाने फणफणलेलं मूल समोर असताना रिपोर्टची आठवडाभर वाट पाहता येत नाही. ट्रायलमधलं मूल हे आधी रुग्ण असतं. नानोरो राजधानी वागाडुगूपासून सुमारे ८५ किलोमीटरवर आहे. पावसाळ्यात, म्हणजे ऐन मलेरियाच्या दिवसांत, तो रस्ता कसा असेल ते आपल्या गावाकडच्या लोकांना समजावून सांगायला नको.

आणि ट्रायल जिथे आजार आहे तिथेच करावी लागते. आपल्याकडे रोटाव्हॅक या जुलाबाच्या लसीची ट्रायल ६,७९९ बाळांवर झाली तेव्हा तीन ठिकाणं होती: दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याजवळचं वढू. त्यात वढू का? कारण बाळं तिथे होती.

“एवढा पैसा कागद रंगवण्यावर?”

ट्रायलच्या लॅबला जीसीएलपी नावाची नियमावली पाळावी लागते. सोप्या शब्दांत: जे केलं ते लिहा आणि असं लिहा की दहा वर्षांनी परक्या माणसालाही कळेल. आयसीएमआरने भारतासाठी तिची आवृत्ती काढली आहे. नियम वाचायला कंटाळवाणे आहेत, खोटं कशाला बोलू. पण एकच घ्या. चुकलेला आकडा खोडताना एक आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख. व्हाइटनर बंद. माझ्या फ्रीजच्या घोळात ट्यूब कधी घेतली आणि कधी फिरवली या दोन वेळा रजिस्टरमध्ये असत्या तर त्या ७.१ चा फोन गेलाच नसता. दोन रकाने, खर्च शून्य.

आफ्रिकेतल्या देशांनी हेच ओळखलं. २००८ साली मोझांबिकमधल्या मापुटोत त्यांनी लॅब सुधारण्याचा जाहीरनामा केला आणि २००९ मध्ये रवांडातल्या किगालीत लॅबच्या लोकांसाठी एक प्रशिक्षण सुरू झालं. त्यात मला आवडलेली गोष्ट अशी की लोकांना हॉटेलात बसवून, सर्टिफिकेट देऊन घरी पाठवत नाहीत. तीन कार्यशाळा असतात आणि दोन कार्यशाळांच्या मधे गृहपाठ. आपल्या लॅबमधली एक अडचण निवडा, उदाहरणार्थ रीजंट, म्हणजे तपासणीचं रसायन, संपून तपासणी बंद पडणं, ती सोडवा आणि आधीचे-नंतरचे आकडे घेऊन या. जोडीला तारे आहेत. तपासनीसांच्या यादीत ५५ टक्के गुण मिळाले की एक तारा, ९५ ला पाच. आंतरराष्ट्रीय मान्यतेचा, म्हणजे आयएसओ १५१८९ चा, डोंगर एका उडीत चढणार कोण? आधी पहिला टप्पा दिसायला हवा.

ट्रायल संपली की काय उरतं?

हा आक्षेप मला खोडता येत नाही. ट्रायलच्या पैशातून एक खोली चकाचक होते, एसी, जनरेटर, कंट्रोलची बाटली, सगळं. शेजारच्या वॉर्डातल्या रुग्णाची तपासणी मात्र जुन्याच टेबलावर, संपत आलेल्या रीजंटवर होते. शिकून तयार झालेला टेक्निशियन सरकारी पगार सोडून ट्रायलमध्ये जातो. ट्रायल संपली की तो शहरात जातो, तिथून परदेशात. हे आफ्रिकेत घडतं आणि आपल्याकडेही.

तरी नानोरोचं उदाहरण पाहण्यासारखं आहे. आर-२१ च्या आधी आरटीएस,एस ही मलेरियाची दुसरी लस होती. तिची ट्रायल २००९ ते २०१४ या काळात सात देशांतल्या अकरा ठिकाणी झाली, त्यातलं एक नानोरो. २०१९ मध्ये आर-२१ तिथल्या ४५० मुलांना देऊन पाहायची वेळ आली तेव्हा काचपट्ट्या वाचायचा, दोघांनी वाचून तिसऱ्याला बोलवायचा आणि रेघ मारून सही करायचा सराव तिथे आधीच झालेला होता. त्या मुलांचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले, मग चार देशांची मोठी ट्रायल झाली, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लसीची शिफारस केली. पुण्यातून खोकी निघाली ती त्यानंतर.